रात्रीची क्वार्टर, पहाटेची गाडी

आमच्या यार्डात 'पेग' कुणी म्हणत नसे. नाइंटी, क्वार्टर, हाफ अशी मापं. क्वार्टर म्हणजे 180 मिली. बऱ्याच ड्रायव्हरांचा रोजचा नाहीतर एक दिवसाआडचा हिशोब तेवढाच असायचा. रात्री नऊला बसायचं, दहाला जेवायचं, साडेदहाला आडवं व्हायचं. पहाटे चारला उठून आंघोळ, देवापुढे उदबत्ती आणि पाचच्या ठोक्याला यार्डात हजर. कपाळाला गंध, इस्त्री केलेला खाकी शर्ट, खिशात कंगवा. अशा माणसाला 'तुम्ही प्यायलेले आहात' म्हणायला जीभ रेटत नाही.

चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना कामगारांसाठी बस पुरवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टरकडे मी बरीच वर्षं सुपरवायझर होतो. पहिली पाळी साडेसहा-सातची. निगडी, काळेवाडी, भोसरी, मोशी असे थांबे घेत गाड्या नाशिक रस्त्याला लागायच्या. लॉगबुक, डिझेल, टायर बघणं आणि कुणी दांडी मारली तर बदली ड्रायव्हर उभा करणं, हे माझं काम. समोर उभ्या असलेल्या माणसाला किल्ली द्यायची की नाही, हे ठरवणं हासुद्धा कामाचाच भाग आहे, असं नोकरीला लागताना कुणी सांगितलं नव्हतं. वास आला, पाय लटपटले, जीभ जड वाटली तर 'आज घरी जा' म्हणायचं. पण तशी वेळ क्वचितच यायची. पहाटे पाच वाजता कुणीच लटपटत नसतं.

पुढे एका परदेशी मालकीच्या कारखान्याने कंत्राटात अट घातली : प्रत्येक ड्रायव्हरची रोज ब्रेथ अ‍ॅनालायझरवर तपासणी, आणि आकडा शून्य. ड्रायव्हरांनी पहिल्याच दिवशी मशीनचं बारसं केलं : 'फुंकणी'. चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं, म्हणाले.

त्याच आठवड्यात एक मामा अडकले. मामा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. ब्रेक दाबला तर मागच्या सीटवर झोपलेल्याची मान हलायची नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी फुंकलं आणि आकडा आला 43. म्हणजे 100 मिली रक्तात 43 मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या 185व्या कलमानुसार 30च्या वर गेलं की गुन्हा.

मामा हसले. मग मी हसत नाही हे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, रात्री दहाला सगळं आवरलं. सात तास झाले. एक क्वार्टर, त्याच्यावर थेंब नाही. पोरांची शपथ."

मला ते पटलं, आणि ते खरंच होतं. मशीन बिघडलंय असं धरून मी दुसरं मागवलं. त्यावर 41. त्या दिवशी त्यांची गाडी बदलीने नेली आणि मामा माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राहिले. घरी काय सांगायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. दर अर्ध्या तासाने ते स्वतःच उठून फुंकायचे. साडेपाचला 35, सहाला 28. पावणेआठच्या सुमाराला शून्य. तोवर त्यांची गाडी पन्नास माणसं गेटवर सोडून रिकामी परत निघाली होती.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मला गणित मांडून दाखवलं. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी बसवलेली ही रीत, म्हणाले. व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल 42.8 टक्के. क्वार्टरमध्ये वजनाने साधारण 60 ग्रॅम. मामांसारख्या पंचावन्न किलोच्या माणसाच्या अंगात ते गेलं की रक्तातलं प्रमाण दीडशेच्या पुढे. आणि शरीर ते जाळतं तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या वेगाने. कुणाचं यकृत थोडं चपळ, कुणाचं सुस्त. नऊला प्यायला बसलेला माणूस पाचला यार्डात येतो म्हणजे आठ तास. आठ पंधरे एकशेवीस. उरले तीस-चाळीस. मामांचा आकडा गणिताला धरून होता.

"झोप, आंघोळ, चहा?" मी विचारलं.

"झोपेतही तासाला पंधराच. गार पाण्याने माणूस जागा होतो, अल्कोहोल नाही उतरत. चहा-कॉफीचंही तेच. लिंबू, दही, ओकारी, कशानेच वेग वाढत नाही."

हा तासाला पंधराचा हिशोब माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. कुणी 'काल जरा जास्त झाली' म्हणालं की मी मनातल्या मनात भागाकार करू लागलो. हाफ म्हणजे क्वार्टरची दुप्पट. ती रात्री अकराला संपवलेला बारीक अंगाचा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शून्यावर येत नाही. हे ड्रायव्हरांनाच काय, आमच्या मालकांनाही खरं वाटेना. पोलिसांची नाकाबंदी रात्री असते, त्यामुळे धोकाही रात्रीचाच, अशी समजूत पक्की. रात्र सरली की दारूही सरली. सकाळी सहाला कोण अडवतंय?

मशीन आल्यावर युक्त्याही आल्या. ओवा, वेलची, पेरूची पानं, कच्चा कांदा. एकजण तर लसणाच्या पाकळ्या चघळत यायचा. मशीनचं काही बिघडलं नाही, माझी मात्र सकाळ नासायची. ही सगळी औषधं वासावरची. मशीन वास घेत नाही, फुप्फुसाच्या तळातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं. काहीजण गालातल्या गालात हवा भरून ओठांच्या कडेने सोडायचे, मशीन 'पुन्हा' म्हणायचं. एकदा काळोखात एकाने आपल्या जागी क्लीनरला पुढे केलं. तेव्हापासून ट्यूबलाइटखालीच फुंकायचं, असा नियम केला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एका सकाळी कधीच न पिणाऱ्या, माळकरी ड्रायव्हरचा आकडा आला आणि यार्डात हशा पिकला. तो बिचारा कानकोंडा झाला. दाढ दुखत होती म्हणून दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधी पाण्याने चूळ भरून तो निघाला होता. त्या पाण्यात अल्कोहोल होतं. साध्या पाण्याने चूळ भरायला लावली, पंधरा-वीस मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकायला सांगितलं. शून्य. तोंडातलं अल्कोहोल तेवढ्या वेळात जातं, रक्तातलं जात नाही. त्यानंतर पहिल्या आकड्यावर कुणालाही काही बोलायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. आधी चूळ, मग वीस मिनिटं, मग दुसरी फुंक, आणि तोवर आकडा फक्त त्याच्या आणि माझ्यात. करोनाच्या काळात हाताला सॅनिटायझर चोळून लगेच मशीन धरलं तरी आकडा उडायचा. मशीन वर्षातून एकदा तरी तपासून, आकडा लावून घ्यावं लागतं. स्वस्तातली मशीनं तर काही महिन्यांत मनाला येईल ते दाखवू लागतात. माणसाच्या रोजीवर ज्याने गदा येते ते यंत्र बरोबर आहे ना, हे बघायची जबाबदारी ते हातात धरणाऱ्याची. मालक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले की मी तपासणीच बंद ठेवायची धमकी द्यायचो. मग पैसे निघायचे.

ड्रायव्हरांनी एकदा मला चांगलंच पेचात पकडलं. "सरकारला तीसपर्यंत चालतं, मग तुम्हाला शून्य कशाला?" प्रश्न वाजवी होता. त्यातला एक तरुण तर वकिलासारखा बोलला : "आता बावीस आहेत, उतरतीला आहेत, तासाभरात सात होतील. गाडी चालवताना मी आताच्यापेक्षा बराच असणार ना?"

उतरतीला असेल तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण बावीस हा आकडा चढताना येतो तसाच उतरतानाही येतो. कालच्या क्वार्टरचं शेपूट असेल किंवा आत्ता पार्किंगमध्ये मारलेला घोट. पोटातलं रक्तात उतरायला अर्धा तास ते दीड तास लागतो. म्हणून मी अशांना अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायला लावू लागलो. कमी झाला तर कालचा, वाढला तर आजचा. त्या तरुणाचा सातने कमी झाला. दुसऱ्या एकाचा, ज्याच्याकडून आम्ही स्वप्नातही अपेक्षा केली नव्हती, तो वाढला.

पार्टीतून निघतानाही याच चढतीचा घोळ असतो. शेवटचा ग्लास खाली ठेवून लगेच निघालेला माणूस 'ठीक वाटतंय' म्हणतो, कारण त्या क्षणी खरोखर ठीक असतं. जास्तीत जास्त चढते ती रस्त्यात. आणि उतरताना उलटं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदू तासा-दोन तासांत त्या अंमलाला सरावतो. म्हणून उतरणीवर माणसाला आहे त्यापेक्षा बराच शुद्धीवर आल्यासारखं वाटतं. म्हणजे दोन्ही वेळा वाटण्याचा भरवसा नाही. ज्याने ठरवायचं तो मेंदूच आधी भिजलेला. मी ड्रायव्हरांना एवढंच म्हणायचो : कसं वाटतंय ते सांगू नका, किती घेतली, कधी बसलात ते सांगा.

शून्यावरही सगळं संपत नव्हतं. रात्री दोनपर्यंत जागून आलेल्याचा आकडा शून्य यायचा, पण डोळे लाल आणि घसा कोरडा. आणि एकजण असा होता की ज्याचा आकडा शून्य यायचा त्या दिवशी हात थरथरायचे. लॉगबुकात सही करताना पेन कागदावर टेकेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, "थोडी घेतली की हात थांबतात, साहेब. तेव्हाच मी नीट चालवतो." तो बढाई मारत नव्हता. दारूला बांधलं गेलेलं शरीर दारू तुटली की असंच करतं. त्याला ना तीसवर गाडी देता येत होती ना शून्यावर. डॉक्टरांनी त्याला पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची चिठ्ठी दिली. तिथे राहून आल्यावर तो कित्येक महिने गाड्या धुण्याच्या कामावर होता, पगार कमी घेऊन. मग पुन्हा स्टिअरिंगवर बसला. दुसरा एक तिथून परत आला आणि पुन्हा सुरू झाला, त्याला काढावं लागलं. दोन्ही झालं.

या सगळ्यात एक भोक राहून गेलं होतं, ते आमच्या वॉचमनने दाखवलं. म्हणाला, "साहेब, तुम्ही बसची किल्ली काढून घेता आणि हा बाबा त्याच दारूत मोटरसायकलला किक मारून नाशिक रस्त्याने घरी जातो." आमचा नियम बसमधल्या पन्नास माणसांसाठी होता, ड्रायव्हरचा त्यात विचारच नव्हता. मग टायरच्या खोलीत दोन खाटा टाकल्या. आकडा आला की मोटरसायकलची किल्लीही टेबलावर. शून्य होईपर्यंत झोपा, चहा आमचा.

तरी खाडा पडायचाच. एक दिवसाची हजेरी गेली की घरी भांडण. आणि भांडण नको म्हणून माणसं खोटं बोलत. एका पहाटे चारच्या सुमाराला मला एका ड्रायव्हरच्या घरून फोन आला. बाई अगदी हळू बोलत होत्या. "भाऊ, आज यांना गाडी देऊ नका. पण मी सांगितलं असं म्हणू नका." मी म्हटलं, मशीन आहे, आपोआप कळेल. त्या म्हणाल्या, "मशीनच्या आधी ते इथून गाडीवर निघतात ना."

आमच्या पद्धतीत काय कमी होतं ते त्या वाक्यानंतर माझ्या लक्षात आलं. आम्ही विचारत होतो पहाटे पाचला. त्या वेळी ड्रायव्हर कामाला आलेला असतो, कपडे घातलेले असतात, हजेरी डोळ्यांसमोर असते. तो 'नाही' म्हणणारच नाही. प्रश्न आदल्या संध्याकाळी विचारायला हवा होता, बाटलीचं बूच उघडायच्या आत. मालकांशी बरीच घासाघीस करून मी नवी रीत बसवली : ज्याला रात्री बसायचं आहे त्याने संध्याकाळी सहापर्यंत मला कळवायचं, मी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी देईन. कारण विचारणार नाही, खाडा नाही, शेरा नाही. न कळवता आलात आणि आकडा आला, तर मात्र खाडा.

मालकांना वाटलं, अर्धा यार्ड रोज 'बसायचं आहे' म्हणेल. तसं झालं नाही. सुरुवातीला कुणी फोनच करेना. 'मी पिणार आहे' हे सुपरवायझरला फोन करून सांगायचं म्हणजे काय! मग कुणीतरी शब्द काढला, 'उद्या दुपार'. तेवढं म्हटलं की मी ओळखायचो. आषाढी अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या आदल्या आठवड्यात मी स्वतःच यादी करायला बसायचो. श्रावण पाळणारे सगळे त्या रात्री कसर भरून काढतात, हे काय मला नवीन होतं? एकतीस डिसेंबरला तर मालक दुसऱ्या ट्रान्सपोर्टरकडून ड्रायव्हर उसने आणत. ड्राय डेच्या आदल्या रात्रीही लक्ष ठेवावं लागे, कारण उद्या मिळणार नाही म्हणून माणूस आजच दोन दिवसांची घेतो. आकडे येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. पूर्ण बंद कधीच झालं नाही. मामांनी क्वार्टरची नाइंटी केली आणि वेळ आठची. सोडा म्हटलं असतं तर त्यांनी नोकरी सोडली असती.

शिकलेल्यांशी माझा या विषयावर जास्त वाद झाला. ड्रायव्हर निदान आकड्यापुढे गप्प बसतो. मुळशीजवळ चुलत भावाच्या फार्महाऊसवर आमच्या घरच्यांचा मुक्काम होता. रात्री मैफल रंगली. सकाळी सातला पोहे चालू असताना दाजी म्हणाले, लवकर निघतो, ट्रॅफिक टळेल. मशीन माझ्या गाडीत होतं. मी म्हटलं, गंमत म्हणून फुंका, पण आधी प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा.

काका म्हणाले, "माझे तीस तरी असतील." ते रात्री अकराला दोन लार्जवर थांबले होते. शून्य आले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. भावाने सांगितले दहा, आले सव्वीस. दाजी म्हणाले, "शून्य. फार तर पाच. मी फक्त बिअर घेतली." बिअर म्हणजे 650 मिलीच्या तीन स्ट्राँग बाटल्या, रात्री दीडपर्यंत. आकडा आला 72.

"मशीन बंडल आहे."

मी चूळ भरायला लावली. वीस मिनिटांनी 67. पोह्यांची ताटली बाजूला सारून मी टिश्यू पेपरवर मांडलं : आठ टक्क्यांची एक बाटली म्हणजे सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे जवळजवळ चार स्मॉल. तीन बाटल्या म्हणजे बारा स्मॉल, दाजी. तुम्ही रात्री जवळजवळ अख्खी हाफ प्यायलात. दाजी सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी गणित तपासलं, ते चूक निघेना. मग म्हणाले, "अरे पण मला कंट्रोल आहे. वीस वर्षं चालवतोय."

"आमच्या मामांना तीस वर्षं झाली," मी म्हटलं.

ताई इतका वेळ काही बोलली नव्हती. ती पीत नाही, आणि तिला गाडीही चालवता येत नव्हती. तिने पर्समध्ये किल्ली टाकली आणि "जेवूनच जाऊ" म्हणून आत गेली. बारा-साडेबाराला आकडा शून्य झाला तेव्हा ट्रॅफिक सणसणीत होतं, आणि दाजी लोणावळ्याकडून आलेल्या गाड्यांना शिव्या देत घरी पोचले.

मशीन खराब होतं, हे त्यांचं मत आजही कायम आहे. ताईने मात्र पुढच्याच महिन्यात मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आता कुठल्याही लग्नाहून परतताना गाडी तीच चालवते, आणि दाजी शेजारी बसून तिला गिअर कधी बदलायचा ते सांगत असतात.